हेकेट सामुद्रधुनीत भेटलेल्या विणकर ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

प्रिन्स रुपर्टहून स्किडगेटला जाणाऱ्या बोटीत तुमच्या शेजारी बसलेली पुण्याची बाई मी. तुम्ही हैदा ग्वायला, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या तुमच्या हैदा लोकांच्या बेटांवर, आपल्या घरी निघाला होतात. धक्का आला, सगळ्यांची उतरायची घाई झाली आणि तुमच्याशी धड बोलताही आलं नाही. म्हणून हे पत्र. लिहितेय मराठीतच, मुलगी इंग्रजीत करून तुमच्यापर्यंत पोचवणार आहे.

ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लाल सीडर झाडाच्या सालीच्या पट्ट्या तुम्ही पिशवीतून काढल्यात आणि विणता विणता सांगत गेलात. उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडात रस चढला की साल सुटते. एका झाडाची थोडीच काढायची, म्हणजे झाड जगतं. वरची खरखरीत साल सोलून टाकायची, आतली वाळवून ठेवायची, विणायच्या आधी भिजवायची. मग काम सरळ माझ्या हातात दिलंत! दोन आडव्या पट्ट्या, प्रत्येक उभ्या पट्टीपाशी एकमेकींना पीळ देत पुढे न्यायच्या. बोट हलली की माझा पीळ सैल पडायचा. तुम्ही काही न बोलता अंगठ्यानं ती ओळ खाली दाबून घट्ट करायचात. आमच्या बुरूड आळीतल्या बायकांचे हात असेच चालतात.

चहाबरोबर आलेल्या कागदी रुमालावर तुम्ही चोची काढून दाखवल्यात. सरळ चोच डोमकावळ्याची, खाली वळलेली गरुडाची. पुढचे दोन मोठे दात आणि शेपटीवर जाळी दिसली की तो बीव्हर, झाडं कुरतडणारा पाणथळीतला प्राणी. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, हे चित्र मी टी-शर्टवर छापू का? तुम्ही शांतपणे नाही म्हणालात. ही चिन्हं कुळांची असतात, आईकडून येतात, ज्याची त्यानंच वापरायची. विणायला मात्र कुणालाही शिकवीन, म्हणालात. तुमचं ते 'नाही' मला शिकवण्याइतकंच मोलाचं वाटलं.

तुम्ही सांगितलंत म्हणून स्किडगेटच्या हैदा हेरिटेज सेंटरमध्ये मी घाई केली नाही. तिथल्या कुळचिन्हं कोरलेल्या उंच लाकडी खांबांवर चोची आणि दात शोधत खालून वर बघत गेले, आणि ओळखता आले! काळ्या आर्जिलाइटचं कोरीवकामही पाहिलं. तो दगड स्लेटचक डोंगरातला, आणि काढायचा हक्क फक्त हैदांचा, हे तुमच्याकडूनच कळलं होतं.

तुमच्याच बेटांवरच्या मॅसेट गावी १९६९ साली हैदा शिल्पकार रॉबर्ट डेव्हिडसन यांनी कोरलेला खांब उभा राहिला, तो जवळजवळ नव्वद वर्षांनंतर. कॅनडा सरकारनं १८८५ ते १९५१ पॉटलॅच, म्हणजे मेजवानी देऊन भेटी वाटण्याच्या, समारंभांवर बंदी घातली होती. खांब उभारायचे ते अशाच समारंभात. एवढ्या तुटीनंतरही ज्यांनी ही विद्या जपली, त्यांच्यापैकी एकीनं ती परक्या बाईच्या हातात विश्वासानं दिली. ताई, मनापासून आभार.

माझी विणलेली पट्टी अजून अर्धीच आहे. कडा कशी बंद करायची, तेवढं कळवाल का?

तुमची,
बोटीतली विद्यार्थिनी