छोट्या रेल्वेचे इंजिन घेताना आधी वळण मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत छोट्या आगगाड्यांच्या छंदावर पान आले, ते आवडीने वाचले. गणपतीच्या आराशीत बोगद्यातून गाडी काढायची किंवा दिवाळीच्या किल्ल्याला रुळांचा वेढा घालायचा, ही हौस आपल्याकडे घरोघर आहे, पण तिच्यावर कुणी सविस्तर लिहीत नाही. म्हणून आनंद झाला. एक वाक्य मात्र खटकले. घर लहान असेल तर ‘एन’ स्केलचे कुठलेही इंजिन घ्या, ते चौरंगावरसुद्धा मावते, असा सल्ला त्यात आहे. मावते, यात वाद नाही. ते त्या चौरंगावर वळते का, हे त्या पानात कुठेच नाही, आणि नवख्या माणसाचे पैसे नेमके तिथेच बुडतात.

माझा जन्म उद्यमनगरात लेथवर गेला. निवृत्त झाल्यावर हा नाद लागला. श्रावण संपत आला की पेठेतली पोरे आपली ‘बिघडलेली’ इंजिने पिशवीत घालून माझ्याकडे येतात. “काका, इंजिन फिरतंय की, पण डबं पडत्यात.” नाहीतर, “सरळ पळतंय, वळणावर गुरगुरतंय.” उघडून पाहावे तर मोटर ठीक, गिअर ठीक. इंजिन बिघडलेले नसतेच. ज्या वळणावर त्याला घातले आहे, त्या वळणासाठी ते केलेले नसते.

आधी मापे सांगतो. एन स्केलचे रूळ ९ मिमी अंतराचे. युरोप-अमेरिकेत गाडी १:१६० मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एकशेसाठाव्या भागाएवढी, जपानी गाड्या बहुतेक १:१५०, इंग्लंडच्या १:१४८. त्याहून मोठे एचओ स्केल १:८७ चे, रूळ १६.५ मिमीचे. पुण्याला कोथरूडच्या जोशींच्या संग्रहालयात जी गाड्यांची नगरी आहे ती एचओची. तेवढी जागा ज्याच्याकडे आहे त्याने माझे पत्र इथेच सोडले तरी चालेल. आपला प्रश्न दोन खोल्यांच्या घरातल्या माणसाचा आहे. त्याच्याकडे फार तर दोन बाय तीन फुटांचा प्लाय असतो. त्या दोन फुटांत २४९ मिमी त्रिज्येचे वळण आरामात बसते, २८२ चे अगदी कडेला टेकते. दीड फुटाच्या चौरंगावर तर १८३ किंवा १५० वर यावे लागते. असे तयार रूळ मिळतात: काटो कंपनीचे ११७ मिमीपर्यंत, टोमिक्सचे १०३ मिमीपर्यंत. जपान्यांची घरे लहान, त्यामुळे त्यांनी या बाबतीत आपल्यासारख्यांचाच विचार करून ठेवला आहे.

आता २४९ मिमीला १६० ने गुणा. सुमारे ४० मीटर येतात. आपल्या ब्रॉडगेजला जास्तीत जास्त १० अंशांचे वळण चालते, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. तेच एन स्केलमध्ये करायचे तर त्रिज्या एक मीटरच्या वर जाते आणि पूर्ण वर्तुळाला दोन मीटरहून जास्त रुंदी लागते. पलंग बाहेर काढावा लागेल! म्हणजे खऱ्या रुळावरच्या अवघडातल्या अवघड वळणाहून चौपट तीव्र वळण आपण टेबलावर घालतो, आणि त्यावर खऱ्यासारखे हुबेहूब इंजिन पळावे अशी अपेक्षा करतो.

कुठल्या इंजिनाला हे जमते ते त्याच्या लांबीपेक्षा चाकांच्या मांडणीवर ठरते. एकाच चौकटीत ताठ बसवलेल्या पहिल्या आणि शेवटच्या आसांमधले अंतर मोजा. व्हर्नियर नसेल तर शाळेच्या पट्टीने मोजा. या अंतराचा वर्ग करा आणि त्रिज्येच्या आठपटीने भागा. मधल्या आसाला किती बाजूला सरकावे लागेल ते मिळते. तीन जोडचाकांचे वाफेचे इंजिन घ्या, ताठ अंतर ३० मिमी धरा. २४९ च्या वळणावर उत्तर येते ०.४५ मिमी, १५० च्या वळणावर ०.७५. मिमीचा पाऊण भाग म्हटला की लेथवाला हसेल, एवढा लूज ठेवलेला जॉब कुणी परत घेणार नाही. पण चाकाची कड आणि रूळ यांच्यात मुळात काही दशांश मिमीचीच जागा असते. चांगले कारखाने मधल्या आसाला आडवा प्ले, म्हणजे बाजूला सरकायला मोकळीक, देतात, काही जण मधल्या चाकाची कडच काढून टाकतात. ज्यात यातले काही केलेले नाही ते इंजिन एकतर अडते नाहीतर रूळ सोडते.

आपल्या पोरांची अडचण यातूनच येते. त्यांना हवे असते ‘महालक्ष्मीचं इंजिन’, म्हणजे मुंबईच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचे. आपल्या मेन लाइनची इंजिने, डिझेल असोत की विजेची, बहुतेक सहा आसांची असतात. खाली दोन फिरते गाडे, रेल्वेवाल्यांच्या भाषेत बोग्या, आणि प्रत्येकात तीन आस. असा गाडा एन स्केलमध्ये साधारण २४ मिमी होतो. २४९ वर हिशेब ०.२९ येतो, इंजिन निभावते. १५० वर ०.४८ येतो आणि तिथे नशिबावर काम. शिवाय मागे लांब डबे आलेच. डब्याच्या लांबीच्या निदान तिप्पट त्रिज्या असावी, हा छंदवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. एलएचबी बनावटीचा प्रवासी डबा सुमारे २४ मीटर लांब, म्हणजे एनमध्ये १५० मिमी, म्हणजे त्रिज्या ४५० हवी. तो २४९ वर घालणे म्हणजे महाद्वार रोडच्या बोळात ट्रेलर घालणे. कोळशाची बॉक्सएन वाघीण जेमतेम पावणेअकरा मीटरची, तिला २०० मिमी पुरते. म्हणून चौरंगावर मालगाडी चालवा असे मी सांगतो, आणि पोरे नाराज होतात.

मग सगळ्यांत आखूड, दोनच आसांचे शंटिंगचे इंजिन घ्यावे का? वळणाच्या दृष्टीने त्याच्यासारखे दुसरे नाही, १०३ वरही काही फिरतात. पण त्याची गोची दुसरीकडे आहे. इंजिन १२ व्होल्टचा डीसी करंट रुळातून चाकांवाटे घेते. दोन आसांची मिळून चाके चार. त्यांतल्या एकदोन चाकांवर पकड वाढावी म्हणून रबराची रिंग घातलेली असेल तर त्या चाकातून करंट येत नाही. असे इंजिन सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागी, गेले, आणि सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा प्लॅस्टिकचा असला, की तिथेच बसते. बोटाने टिचकी मारली की पुढे जाते. गणपतीसमोर पाहुणे बसलेले असताना दर फेरीला टिचकी मारायची हौस कुणाला असेल तर त्याने जरूर घ्यावे. नुसते गोल चक्कर असेल, सांधा नसेल, तर हे इंजिन उत्तम. सांधे असतील तर नाही.

माझ्या मते टेबलावरच्या वळणाला सगळ्यांत भरवशाचे इंजिन म्हणजे खाली दोन फिरत्या गाड्यांचे (बोग्यांचे), प्रत्येकी दोन आसांचे. आठही चाकांतून करंट घेणारे, मधल्या मोटरने दोन्ही गाडे चालवणारे, शक्य तर मोटरला फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवणारे जड चाक, असलेले. आठांपैकी दोन चाके मेलेल्या तुकड्यावर असली तरी बाकीची सहा करंट घेतात, आणि क्षणभर करंट तुटला तरी फ्लायव्हील ओढून नेते. गाड्याची लांबी १५-१६ मिमीच, त्यामुळे चाके रुळाला तिरपी लागत नाहीत. छोटी डिझेल इंजिने, एका डब्याच्या रेलकार आणि ट्राम या प्रकारात मोडतात. इंजिन हातात घेऊन वजनही पाहावे. पोकळ प्लॅस्टिकचे हलके इंजिन चढावर चाके फिरवत जागेवरच राहते.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली, रूळ ६१० मिमीचे. त्या घाटातल्या वळणांसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेलने दिलेल्या इंजिनांचे टोकाचे आस क्लिन-लिंडनर पद्धतीचे होते, म्हणजे वळणावर चाके थोडी वळू आणि सरकू शकत. डोंगर बदलता येत नव्हता म्हणून त्यांनी इंजिन बदलले.

घराजवळचा दाखला मिरजेचा. ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज एका स्टेशनात होती, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे पुढे कुर्डुवाडी-पंढरपूर करत मिरजेला आली. तिचे रूळ ७६२ मिमीचे. ७६२ ला ८७ ने भागा, पावणेनऊ मिमी येतात. म्हणजे एनच्या ९ मिमी रुळावर एचओ मापाची बार्शी लाइट उभी राहते! खाली जपानी बनावटीची आखूड एन चासी, वर थ्रीडी प्रिंटरवर काढलेली बॉडी. इंजिन मोठे दिसते, वळते मात्र लहान वळणावर, आणि गाडी अस्सल आपल्या मुलखाची. महालक्ष्मीच्या हट्टाला हा माझा उतारा आहे. माउली-विठ्ठलाचा देखावा करणाऱ्या मंडळांनी तर याचा जरूर विचार करावा.

इंजिन निवडून झाल्यावरही दोन गोष्टी नडतात. डावे वळण संपताच उजवे सुरू केले की जोडणीवर ताण येऊन डबे पडतात. मध्ये निदान सर्वांत लांब डब्याएवढा सरळ तुकडा टाकावा. आणि डब्याची जोडणी त्याच्या खालच्या फिरत्या गाड्याला लावलेली असावी, डब्याच्या अंगाला नव्हे, कारण तीव्र वळणावर अंगाची जोडणी शेजारच्या डब्याला बाहेर ओढते. रुळांच्या सफाईवर वेगळे पत्र लिहावे लागेल. इतकेच सांगतो की आपल्या पावसात प्लाय फुगतो, रुळांचे जोड वर येतात, आणि आरतीच्या कापराची काजळी रुळावर बसली की चांगले इंजिनसुद्धा अडखळते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. सँडपेपर नको, त्याच्या ओरखड्यांत घाण बसते.

माझी विनंती विक्रेत्यांना आहे. ऑनलाइन जाहिरातीत ‘एन स्केल, चालू स्थितीत’ एवढेच छापलेले असते. त्याखाली किमान त्रिज्या मिमीमध्ये लिहायला काय जाते? करंट किती चाकांतून घेते तेही लिहावे. आणि ती त्रिज्या सांगताना इंजिन एकटे त्या वळणावर जाते की डबे ओढत जाते हे स्पष्ट करावे, कारण एकट्याने फिरणे आणि पाच वाघिणी घेऊन फिरणे यांत फार अंतर आहे. दुकानात काउंटरवर १५० किंवा १८३ मिमीचे एक कायमचे वर्तुळ ठेवले तर गिऱ्हाइकाचे निम्मे प्रश्न विचारण्याआधीच सुटतील.

ते होईपर्यंत गिऱ्हाइकानेच तयारीने जावे. पुण्या-मुंबईला खरेदीला जाताना घरच्या वळणाचे चार तुकडे पिशवीत टाका. २४९ चे पूर्ण वर्तुळ ४५ अंशांच्या आठ तुकड्यांचे, त्यामुळे चार फार जड होत नाहीत. दुकानदाराला सांगून ते दोन डावे, दोन उजवे असे जोडा, करंट द्या, आणि इंजिन अगदी हळू, पुढे आणि मागे, दोन्हीकडे चालवून पाहा. वर्म गिअरचे इंजिन बोटाने ढकलू नका, चाके फिरत नाहीत आणि दुकानदार उगीच ओरडतो. वेगात सगळीच इंजिने शहाणी दिसतात, म्हणून हळू चालवायचे. नको म्हणणाऱ्या दुकानदाराकडून निदान मी तरी काही घेत नाही.

आपला,
एक निवृत्त टर्नर
मंगळवार पेठ, कोल्हापूर