माउसला हात न लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणत चहा टाकायला उठता. म्हणून हे लिहून सांगते, आणि चारचौघांत सांगते.

भोसरीच्या आमच्या कंपनीत सेल्सफोर्स, म्हणजे ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, बघणारा मुलगा नोकरी सोडून गेला. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "आता हे तूच बघ." मी विक्री विभागात कोटेशनं करणारी. हँडओव्हर म्हणून मिळालं काय, तर एक पासवर्ड आणि देखभाल करणाऱ्या एजन्सीने बनवून दिलेली एक एक्सेल शीट. लगेच तक्रारी सुरू झाल्या. नाशिकच्या डीलरची कोटेशनं कोल्हापूरच्या डीलरच्या नावावर चढायची. एजन्सीकडून दर वेळी तेच उत्तर यायचं, "युजर एरर", आणि तिकीट बंद. मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे.

शिकावं म्हणून पदरचे पैसे भरून क्लास लावला, तर तिथे परीक्षेतल्या प्रश्नांच्या पीडीएफ वाटायचे. पाठ करा, पास व्हा. "हे असं का होतं?" विचारलं की "ते परीक्षेला नाही." याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तिथे येणारी मुलं घरखर्चाला कात्री लावून फी भरतात हो.

एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, आणि त्या दिवशी तुमचं घरून काम. लिफ्टमध्ये माझा चेहरा बघून तुम्ही आपणहून विचारलंत आणि म्हणालात, "दुपारी लॅपटॉप घेऊन ये." मी आले, लॅपटॉप तुमच्यापुढे सरकवला. तुम्ही तो परत माझ्यापुढे केलात, खुर्ची जरा मागे घेतलीत आणि हाताची घडी घातलीत. "तू कर. मी बघते."

ताई, ती हाताची घडी मी विसरणार नाही. त्याआधी ज्याला ज्याला विचारलं, त्याने पहिल्यांदा माउस हातातून घेतला. धडाधड चार क्लिक, "झालं बघ", की निघाला. काय झालं ते मला शेवटपर्यंत कळायचं नाही. तुम्हाला तर उत्तर शीट उघडताक्षणी दिसलं असणार. तरी तुम्ही एवढंच म्हणालात, "या दोन डीलरांचे आयडी मोठ्याने वाच." मी वाचले. पंधरा अक्षरं, दोन्हीकडे सारखीच. "आता स्मॉल, कॅपिटल धरून वाच." शेवटच्या अक्षरापाशी आले आणि थांबले. एकात स्मॉल के, दुसऱ्यात कॅपिटल के! सेल्सफोर्सच्या लेखी हे दोन वेगळे डीलर. एक्सेलचं व्हीलूकअप, म्हणजे आयडी शोधून त्यापुढची माहिती आणणारं सूत्र, त्याला मात्र लहान-मोठ्या अक्षरांतला फरक कळत नाही, ते पहिला सापडेल तो उचलतं. रिपोर्टमधून येणारा आयडी पंधरा अक्षरी, डेटा लोडर या डेटा काढायच्या साधनातून येणारा अठरा अक्षरी, आणि ती जादा तीन अक्षरं नेमकी हाच घोटाळा टाळण्यासाठी असतात. महिनोन्‌महिने जो दोष माझ्या माथी मारला जात होता, तो एजन्सीच्याच शीटमध्ये होता. तुमच्यासमोर रडू आलं. तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे केलात आणि त्यावर एक शब्द काढला नाहीत.

ट्रेलहेड, सेल्सफोर्सची शिकायची वेबसाइट, तुम्हीच दाखवलंत. २०१४ पासून आहे, फुकट आहे, आणि सरावाला स्वतःचं प्लेग्राउंड मिळतं, जिथे काही मोडलं तरी कंपनीच्या डेटाला धक्का लागत नाही. हे मला क्लासमध्ये कोणीच सांगितलं नव्हतं. तुमची एक सवय मात्र मी जशीच्या तशी उचलली: नवीन फील्ड, म्हणजे माहितीचा रकाना, केलं की डिस्क्रिप्शनमध्ये ते कोणी मागितलं आणि कशासाठी, हे तिथल्या तिथे लिहायचं. दोन ओळींचं काम. माझ्या आधीच्या मुलाने तेवढं केलं असतं तर माझे कितीतरी दिवस वाचले असते. आणि काही अचानक बिघडलं की आधी सेल्सफोर्समधला सेटअप ऑडिट ट्रेल उघडायचा. गेल्या १८० दिवसांत कोणी काय बदललं ते तिथे मिळतं, मग कोणावर उगाच आळ घ्यावा लागत नाही.

या शहरात तुमच्याइतकं येणारे खूप आहेत. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठेही जा. पण स्वतःची जेवायची सुट्टी सोडून, समोरच्याला कमी न लेखता शेजारी बसणारी माणसं थोडी. शिक्षण, पगार, हुद्दा यांनी ते येत नाही. ते घरातून येत असावं, तुमच्या आईंना बघितल्यावर मला तसंच वाटलं.

एजन्सीची ती शीट बंद केली. आता जुने प्रोसेस बिल्डर, म्हणजे कामं आपोआप करणारी सेल्सफोर्सची जुनी सोय, फ्लो या नव्या सोयीत आणायला घेतले आहेत. त्यांचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ ला संपला, तरी आमच्याकडे कोणाला पत्ता नव्हता. दोन सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीच्या वेगळ्या प्रतीत, नीट चालताहेत, तिसरा अडलाय. गुरुवारी येते. आईने तुमच्यासाठी थालीपिठाची भाजणी दळून ठेवली आहे, तीही आणते. नको म्हणू नका.

तुमची,
बी विंगमधली