पशुप्रदर्शनाला कायद्यात जागा द्या : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : यात्रांमधील पशुप्रदर्शनांसाठी राज्याने स्वतंत्र कायदेशीर तरतूद करण्याबाबत.

सन्माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

माणदेशातल्या एका यात्रेच्या प्रदर्शनात आदत (अजून पक्के दात न आलेल्या) खोंडांच्या गटात पहिला आलेला काजळी खिल्लार खोंड घेऊन त्याचा मालक रात्री टेम्पोने गावाकडे निघाला होता. खोंडाच्या कपाळावरचा गुलाल अजून ओला होता, शिंगांना गोंडे तसेच होते आणि मालकाच्या पिशवीत आमच्या संस्थेने दिलेले प्रमाणपत्र होते. वाटेत टेम्पो अडवला गेला आणि बाजाराची पावती मागण्यात आली. खोंड विकलाही नव्हता आणि विकतही घेतला नव्हता, मग पावती कुठून यावी? पहाटेपर्यंत ते मुके जनावर चाऱ्यापाण्यावाचून टेम्पोत उभे राहिले. सकाळी सुटका झाली, कोणावर कसला गुन्हाही नोंदला गेला नाही. पण त्या मालकाने पुन्हा प्रदर्शनाला येणार नाही असे आम्हाला तोंडावर सांगितले, आणि त्याला समजावण्यासाठी आमच्याकडे शब्द नव्हते. आम्ही दिलेला कागद कायद्याच्या लेखी कागदच नव्हता.

या पत्राचे कारण तेवढेच आहे. आमची संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे. आम्ही जनावरांचा व्यापार करत नाही, शर्यती भरवत नाही आणि कोणत्याही पक्षाच्या दावणीला बांधलेलो नाही. पशुपालकांची बाजू कायदे करणाऱ्यांपुढे मांडणे आणि वर्षातून एकदा प्रदर्शन नीट पार पाडणे, एवढेच आमचे काम. शेतकऱ्यांची संघटना मोर्चा काढू शकते, व्यापारी बाजार बंद ठेवू शकतात. आमच्यासारख्यांच्या हाती निवेदनापलीकडे काही नसते.

खरसुंडी, पुसेगाव, म्हसवड, कार्तिकीला पंढरपूर, तिकडे मराठवाड्यात माळेगाव, डांगी जनावरांसाठी अकोले तालुक्यातले राजूर, या ठिकाणी भरणारी जनावरे निव्वळ विक्रीसाठी आलेली नसतात. खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी या जाती आज आपल्याला ओळखू येतात, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची पारख आहे, आणि ती पारख दरवर्षी तपासून घेण्याची जागा म्हणजे प्रदर्शनाचे मैदान. तिथे दात उघडून पाहिले जातात, वशिंड आणि पाठ पाहिली जाते, खूर दाबून पाहिले जातात, चालवून पाहिले जाते. कोणाच्या वळूची पैदास या वर्षी चांगली उतरली हे गावोगावच्या लोकांना तिथे कळते आणि पुढच्या हंगामात गाय कोणाकडे न्यायची हे तिथेच ठरते. 2012 च्या पशुगणनेत राज्यात सुमारे 1 कोटी 55 लाख गोवंश होता, तो 2019 च्या गणनेत 1 कोटी 40 लाखांच्या आसपास आला. ट्रॅक्टर आला, चारा महागला, गडी मिळेनासा झाला, ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यांवर प्रदर्शन हा उपाय नाही. पण ज्याच्या दावणीला अजूनही जातिवंत जनावर आहे त्याने ते का ठेवावे, याला हिशेबाच्या वहीत बसणारे कारण उरले नसताना मैदानातला मान हे एक कारण शिल्लक आहे.

आता कायद्याकडे पाहावे. शर्यतीचा प्रश्न बैलांच्या शर्यतींवर बंदी घालणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानंतर पेटला, विधिमंडळाने 2017 मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती मिळवली, नियम केले. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. त्यामुळे बैलगाडा किती अंतर पळावा, हे आज नियमात लिहिलेले आहे. गोवंश हत्याबंदीची 1995 ची दुरुस्ती मार्च 2015 पासून लागू आहे. वाहतुकीचे केंद्रीय नियम 1978 पासून आहेत आणि एका मालमोटारीत सहापेक्षा जास्त गुरे नेऊ नयेत हे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. प्रदर्शनाचा उल्लेख मात्र आमच्या अनुभवात ठळकपणे येतो तो जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यात, आणि तोही प्रदर्शन बंद करण्याच्या संदर्भात. शर्यतीला नियमावली मिळाली, प्रदर्शनाला मिळालेली नाही. पळणाऱ्या बैलाची दखल कायदा घेतो, उभ्या बैलाची घेत नाही, असे आमच्याकडचे एक म्हातारे पशुपालक म्हणतात; त्यात थोडी चेष्टा आहे, पण चूक काही नाही.

याचा त्रास किती बारीक आणि किती चिवट असतो ते सांगतो. एका वर्षी आम्ही प्रदर्शनाच्या परवानगीसाठी चाळीस दिवस आधी अर्ज दिला. एका कार्यालयाने हा बाजाराचा विषय आहे असे सांगून तो दुसरीकडे पाठवला, दुसऱ्याने शर्यत आहे का असे विचारले, नाही म्हटल्यावर मग आमचा संबंध नाही असे कळवले. अखेर परवानगी हाती पडली ती आदल्या रात्री, आणि तोवर लांबून येणाऱ्या पशुपालकांनी गाड्या रद्द केलेल्या होत्या. कोणी अधिकारी वाईट वागला असे माझे म्हणणे नाही. ज्या गोष्टीला नियमात नाव नाही तिच्यावर सही करायला कोणीही दोनदा विचार करणारच.

लंपी या गुरांच्या त्वचारोगाच्या साथीचेही तेच. सप्टेंबर 2022 मध्ये सरकारने बाजार, प्रदर्शने आणि शर्यती बंद केल्या आणि आम्ही त्याला पाठिंबा दिला. गाठींनी अंग भरलेले वासरू ज्याने पाहिले आहे तो वेगळे काही म्हणणार नाही. आमची तक्रार बंदीविषयी नाही. ती कोणत्या तालुक्यात कधी उठेल, लसीकरण झालेल्या जनावरांना काय सवलत असेल, आगाऊ खर्च करून बसलेल्या यात्रा समितीने कोणाकडे पाहायचे, हे आधी लिहून ठेवलेले नव्हते, ही तक्रार आहे.

राज्याला हे करण्याचा अधिकार आहे का, असा प्रश्न विधी विभागाकडून येईल, म्हणून आताच लिहितो. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत पशुधनाचे जतन, संरक्षण व सुधारणा हा विषय क्रमांक 15 वर आणि बाजार व जत्रा हा विषय क्रमांक 28 वर आहे. क्रूरतेचा विषय केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या समवर्ती सूचीत असल्याने शर्यतीच्या वेळी राष्ट्रपतींच्या संमतीची वाट पाहावी लागली. प्रदर्शनाच्या बाबतीत केंद्रीय कायद्याच्या विरोधात जाणारे काहीच आम्ही मागत नाही, त्यामुळे तो फेरा पडण्याचे कारण दिसत नाही.

मागणी अशी आहे की राज्याने प्रदर्शनाची व्याख्या करावी आणि ती बाजार व शर्यत या दोन्हींपासून वेगळी ठेवावी. अर्ज तालुक्याच्या पातळीवर एकाच अधिकाऱ्याकडे जावा आणि ठरावीक दिवसांत त्यावर लेखी निर्णय व्हावा, नकार असेल तर कारणासह. जून 2024 पासून कानातल्या बारा अंकी बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री होऊ नये असे शासनाने ठरवलेलेच आहे. त्याच क्रमांकावर प्रदर्शनाचा जाण्या-येण्याचा पास निघाला, तर रात्री रस्त्यावर पावती मागणाऱ्याला दाखवायला काहीतरी असेल. मैदानावर पशुवैद्यक, पाणी आणि सावली यांची सक्ती खुशाल घाला. ती आम्हाला हवीच आहे.

आमच्या घरातली घाणही झाकून ठेवत नाही. पुष्कळ प्रदर्शनांत नंबर मैदानात ठरत नाही, आदल्या रात्री मंडपात ठरतो. पांढरीशुभ्र कातडी आणि तासून, तेल लावून चकचकीत केलेली शिंगे यांवर परीक्षक भाळतात, आणि त्याच खोंडाची आई किती दूध देत होती, हे कोणी विचारत नाही. फलकावर जनावरापेक्षा पाहुण्यांचे फोटो मोठे असतात. म्हणूनच परीक्षकांची पात्रता आणि गुणांची पद्धत नियमात यावी, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने नोंदलेल्या जातींची लक्षणे ही त्याची कसोटी असावी, असे आम्ही स्वतःहून म्हणतो. काही यात्रा समित्यांना हे रुचणार नाही. त्यांच्याशी भांडण आम्ही करू.

जुलै 2025 मध्ये मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्याचे आम्ही मनापासून स्वागत केले. त्याच ओघात हे काम व्हावे. मसुदा तयार झाला की तो मराठीत, किमान तीस दिवस आधी, लोकांसमोर ठेवावा. हरकतींसाठी मुंबईला येणे मेंढपाळाला किंवा दोन गायींच्या मालकाला परवडत नाही. आपण किंवा आपल्या विभागाचे सचिव यात्रेच्या दिवशी मैदानात दोन तास बसलात, तरी ज्यांच्यासाठी कायदा करायचा ती माणसे जनावरांसह समोर असतील. पौषात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा भरते. आपण येणार असाल तर सुनावणीसाठी मंडप आणि बसायला घोंगडी यांची व्यवस्था आमची संस्था करील. हारतुरे मात्र नसतील.

कळावे.

आपला विश्वासू,
सचिव, माणदेशातील एक नोंदणीकृत पशुपालक संस्था