शेवग्याचा पाला आणि नाचणीचं सत्त्व

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

बाळाला सहा महिने पूर्ण होताहेत. अंगावरचं दूध चालूच ठेव आणि वरचं अन्न सुरू कर. महागडा डबा आणू नकोस, नाचणीचं सत्त्व घरीच कर.

अर्धा किलो नाचणी चार पाण्यांनी रोळून घे, खडे तळाशी राहतात. रात्रभर भिजव, फडक्यात घट्ट बांध, फडकं सुकू देऊ नकोस. दीड दिवसात पांढरे मोड दिसतील. आंबूस वास आला किंवा दाणे बुळबुळीत लागले तर सगळं टाकून दे, बाळासाठी धोका नको. मग वाळव, मंद आचेवर जेमतेम भाज, दळून वस्त्रगाळ कर. मोडांमुळे पिठातला स्टार्च सैल होतो, म्हणून पीठ जास्त घातलं तरी खीर घट्ट होत नाही आणि इवल्याशा पोटात जास्त अन्न जातं. खरपूस भाजलंस तर हा गुण मरतो. पीठ गार पाण्यात कालव आणि मग मंद आचेवर ढवळत शिजव. उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच. वरून अर्धा चमचा तूप. चमचा तिरका केल्यावर खीर ओघळून गेली तर ती फार पातळ आहे. वर्षाच्या आत मीठ, साखर, मध काही नको.

नाचणीने रक्त वाढतं असं सगळे सांगतात. तिच्यात कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम. पण लोह अंगी फारसं लागत नाही. म्हणून लवकरच मऊ वरण आणि पूर्ण शिजलेलं अंडं कुस्करून द्यायला लाग.

आता तुझं. दारचा शेवगा नुसता शेंगांसाठी नाही गं! कोवळा पाला डहाळीसकट धू, मगच ओरबाड, जाड देठं काढून टाक. लसूण-तेलाच्या फोडणीत भिजवलेली मूगडाळ अर्धवट शिजली की दोन मुठी पाला घाल. पाच-सात मिनिटं पुरे. रंग हिरवा राहावा म्हणून सोडा टाकतात, त्याने जीवनसत्त्वं जातात. तेलात मात्र कंजूषी नको, अ जीवनसत्त्वासाठीचं कॅरोटीन स्निग्धाशिवाय शोषलं जात नाही. लिंबू पान वाढल्यावर पिळ, पाल्यातलं लोह त्याने अंगी लागतं. जेवणानंतर तासभर चहा नको.

लोहाची गोळी बंद करू नकोस, पाल्याने तिची जागा भरत नाही. फक्त ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नकोस, दोन तासांचं अंतर ठेव.

जास्तीचा पाला सावलीत वाळव, उन्हात पिवळा पडतो. चुरडल्यावर कुरकुरला की मगच डब्यात भर.

तुझी,
आई