योजना देता, तर ती चालवण्याचा खर्चही लिहून द्या : कोल्हापूरहून नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरला शासन पैसे देत नाही, अशी माझी तक्रार नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा उभारणीसाठी शासनाने हात दिला, याची जाण शहराला आहे. पण बांधायला निधी मिळतो, चालवायला मिळत नाही, आणि महापालिकेचं गाडं तिथेच रुततं.

थेट पाईपलाईनचंच बघा. काळम्मावाडी धरणातून पन्नासेक किलोमीटरवरून पाणी आणायची ही योजना कितीतरी आंदोलनांनंतर मार्गी लागली. 2023 च्या दिवाळीत पाणी आलं, तेव्हा शहर खरोखर आनंदलं होतं. पुढे कधी पंप बंद पडला, कधी गळती लागली, कधी वीज गेली, आणि गल्लीत टँकर आला की घागरी घेऊन धावणं पुन्हा सुरू. पंपांचं वीजबिल, सुटे भाग, रात्रपाळीला जाणकार माणूस, यांचा पैसा कुठून येणार हे मंजुरीच्या वेळीच ठरायला हवं होतं. पाणीपट्टीतून भागवा म्हणावं, तर वसुलीला आणि गळती शोधायलाही माणसंच लागतात. ती पालिकेकडे पुरेशी नाहीत.

जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आली, 2015 मध्ये तीही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाली. आता मोठा आधार त्या बदल्यात शासनाकडून मिळणाऱ्या जीएसटी भरपाईचा : 2016-17 चं उत्पन्न पायाभूत धरून दरवर्षी 8 टक्के वाढ. ती पगार आणि निवृत्तिवेतनातच बरीचशी संपते. हातचं साधन उरलं घरफाळ्याचं, म्हणजे मालमत्ता कराचं. त्याच्या बिलात राज्य शिक्षण कराची रक्कम असते. ती पालिका गोळा करते आणि शासनाकडे भरते. लोक मात्र बिलाचा सगळा आकडा पालिकेच्याच नावावर धरतात आणि खड्ड्याचा जाब मुकादमाला विचारतात. केएमटी, म्हणजे पालिकेची बससेवा, आसपासच्या गावांनाही सेवा देते, तोटा शहराच्या तिजोरीतून भरला जातो. ही गावं शहरात घ्यायचं, म्हणजे हद्दवाढीचं भांडण तर एक पिढी उलटली तरी चालूच.

तिजोरी रिकामी असली की काय होतं, ते आम्ही भोगलंय. शहरातले 49 किलोमीटरचे रस्ते बीओटीवर दिले, म्हणजे कंपनीने पदरच्या पैशाने बांधायचे आणि टोलमधून वसूल करायचे, आणि आमच्याच गावात शिरायला टोल बसला. टोलविरोधी आंदोलनाचे नेते एन. डी. पाटील सरांबरोबर म्हातारीकोतारी माणसंही रस्त्यावर उतरली. टोल रद्द झाला, पण कंपनीचे पैसे सरकारलाच भागवावे लागले. म्हणजे जनतेचाच पैसा गेला, तो आधी दिला असता तर एवढा मनस्ताप झाला नसता.

म्हणून मागणी अशी, की यापुढे कोणतीही योजना मंजूर करताना पुढच्या दहा वर्षांचा चालवण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च आदेशातच लिहा आणि त्यातला शासनाचा वाटा ठरवा. थेट पाईपलाईनपासून सुरुवात करा. नोव्हेंबर 2020 नंतर पाच वर्षांहून अधिक काळ इथे लोकनियुक्त सभागृह नव्हतं. अंदाजपत्रक प्रशासकानेच करायचं आणि प्रशासकानेच मंजूर करायचं. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर सभागृह आलंय. त्याच्यापुढे हा हिशेब येऊ द्या, तोही सामान्य माणसाला वाचून कळेल असा. पाणीपट्टी वाढवावी लागली तर आम्ही भरू. आकडे मात्र आधी दाखवा.

आपला,
कोल्हापूरचा एक घरफाळा भरणारा नागरिक