हत्तीच्या पिल्लांची चाल

प्रिय रम्या,

तब्येत बरी. बीपीची गोळी चालू, पुढचं विचारू नकोस.

एक भानगड झालीय आणि ती तुलाच कळेल. ग्रुपमध्ये नवा कीबोर्डवाला आलाय. हात तयार, पण उत्साह दांडगा. परवा ‘हटारी’ या इंग्रजी सिनेमातलं ‘बेबी एलिफंट वॉक’ काढलं, तर म्हणतो, “काका, जरा फास्ट घेऊ, आणि मध्ये हत्तीचा चीत्कार टाकू. पब्लिक हसेल.” अण्णांनी लगेच मान डोलावली. अण्णाच ते!

अरे, त्या ट्यूनमध्ये कुणीच हसत नाही, म्हणून तर आपल्याला हसू येतं. खाली बूगी-वूगीचा, त्या जुन्या पियानो-ब्लूजचा, बेस बघ, कसा ढिम्म चालतो. सिनेमात नायिका एल्सा मार्टिनेलीच्या मागून पिल्लं डुलत निघालेली पाहून संगीतकार हेन्री मॅन्सिनीला तो ठेका सुचला. हत्ती म्हटल्यावर दुसऱ्या कुणी सगळी चाल ट्यूबावर, त्या जाड्या भोंग्यावर, टाकली असती. यानं दिली ई-फ्लॅट क्लॅरिनेटला, क्लॅरिनेटमधल्या त्या चिमुरड्या, किरट्या पोरीला! सुरुवातीला सर्कशीतलं कॅलिओपी, ते वाफेच्या शिट्ट्यांचं वाद्य. आणि ओळ संपते तिथे सूर लांबवायचा नाही, तोडायचा. तो जरा रेंगाळला की पिल्लू लाडात आलंच म्हणून समज.

तू म्हणायचास, “त्यात आहे काय? बारा बारचा ब्लूज, कुणीही करेल.” त्यावरून आपला अबोला झाला होता, आठवतं? बारा बारांनी फिरून घरी येणारा साचा जुना, कबूल. पण कानाला घरी कधी परतायचं ते ठाऊक असलं की वाटेतल्या खोड्या निवांत ऐकता येतात. शिवाय ग्रॅमी मिळालं ते अरेंजमेंटला, वाद्यांच्या मांडणीला, हे तू सोयीस्कर विसरायचास. त्याच माणसाचं ‘मून रिव्हर’ हे गाणं मला वर्षातून एकदा पुरतं. गोडवा ओघळायला लागतो. ही चाल कोरडी आहे, म्हणून १९६२पासून टिकलीय.

माझी खरी धास्ती वेगळीच. चीत्कार वाजला तेव्हा सगळे हसले. मीसुद्धा. पण पुन्हा वाजवलं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही, आणि हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षातच आलं नाही! आता बोललो तर म्हातारा कुरकुरतो म्हणणार, पोरगं रुसून गेलं तर कार्यक्रमाला कीबोर्ड नाही. वहिनी म्हणतात, सोडून द्या. कसं सोडू? क्लॅरिनेट मला फुंकायचीय. चीत्कारानंतर मी तिथे कुठल्या तोंडानं शिरू?

चिनूचं लग्न ठरल्याचं कळलं, अभिनंदन. गुडघ्याचं ऑपरेशन आता लांबवू नकोस, लग्नात उभं राहायचंय.

रविवारी तालीम आहे. त्याआधी त्या पोराला तूच फोन कर, तुझं ऐकेल. लय आकड्यात सांगू नकोस, बेस तोंडानं म्हणून दाखव. आणि त्या बारा बारवाल्या भांडणाचं त्याच्यापुढे काढू नकोस, तो तुझीच बाजू घेईल.

तुझा,
बाप्या