राक्षसतागडीचा फलक: मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

भुईकोट किल्ला आणि १५६५ची राक्षसतागडीची (तालिकोटची) लढाई यांचा संबंध सांगणारा, जाणकारांकडून तपासून घेतलेला फलक शहरात लागेल, असे आश्वासन आपण सोलापूरच्या जाहीर सभेत दिले होते. तो फलक गेल्या आठवड्यात लागला. ‘पाच मुस्लिम शाह्यांनी एकत्र येऊन हिंदू विजयनगर बुडवले’ एवढे एकच वाक्य त्यावर आहे आणि त्याखाली, त्या वाक्याहून मोठे, आपले छायाचित्र आहे. छायाचित्रात चूक नाही, हे मान्य केले पाहिजे.

शाह्या पाच नव्हत्या, चार होत्या: अहमदनगरचा हुसेन निजामशाह, विजापूरचा अली आदिलशाह, गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशाह आणि बिदरचा अली बरीदशाह. वऱ्हाडची इमादशाही या मोहिमेत उतरलीच नाही. सोलापूरचा तर फलकावर उल्लेखही नाही. ज्या किल्ल्यापायी निजामशाही आणि आदिलशाही वर्षानुवर्षे एकमेकींच्या उरावर बसल्या, तो हुसेनने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशाहाला देताना आंदण म्हणून सोडला. उलट अलीची बहीण निजामशाहाच्या घरात सून म्हणून आली. या सोयरिकीवर ती युती उभी राहिली. ज्या गावाचा किल्ला त्या सौद्यात गेला, त्या गावाला ही गोष्ट सांगण्याची गरज आपल्या खात्याला वाटली नाही.

राहिले धर्मयुद्धाचे. इब्राहिम कुतुबशाह गादीवर येण्यापूर्वी सात वर्षे विजयनगरच्याच आश्रयाला होता. अली आदिलशाहाने विजयनगरचा कारभार चालवणाऱ्या रामरायाशी हातमिळवणी करून अहमदनगरवर चाल केली होती. रामरायाच्या फौजेत मुसलमान सरदार होते आणि आदिलशाही फौजेत मराठे होते. रामरायाने एका सुलतानाला दुसऱ्यावर घालत वीस वर्षे सगळ्यांना झुलवले आणि अखेर सगळेच त्याच्यावर उलटले. हे सरळ राजकारण होते, आणि ते आपल्याला समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर यावी याचे आश्चर्य वाटते.

२३ जानेवारीला कृष्णेच्या काठी काय घडले, तेही शाळेतल्या मुलाला खिळवून ठेवील असे आहे. फारसी इतिहासकार फेरिश्ता सांगतो, की निजामशाही तोफखान्याने तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या तोफांत ठासून जवळून मारा केला. वृद्ध रामराय जिवंत हाती लागला आणि हुसेनने त्याचा तिथेच शिरच्छेद करवला. त्या प्रसंगाचे चित्र असलेले फारसी हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. लाखावर माणूस पडल्याचे बखरकार लिहितात. पुढे हंपी महिनोन्‌महिने लुटली जात होती. रामरायाचा भाऊ तिरुमल राजा सदाशिवरायाला घेऊन पेनुकोंड्याला निघून गेला, गोव्याच्या पोर्तुगीजांचा घोड्यांचा व्यापार बसला आणि मदुरा, तंजावर, जिंजीचे नायक, म्हणजे विजयनगरचे मांडलिक, हळूहळू आपापले धनी झाले. शहाजीराजे पुढे बंगळुरात गेले ते याच विस्कटलेल्या मुलखात, आणि व्यंकोजीराजांनी घेतलेले तंजावरही याच नायकांचे होते. मराठ्यांचा दक्षिणेतला इतिहास या लढाईशिवाय उलगडत नाही, साहेब.

हे सारे दोनशे शब्दांत बसवून मी आपल्या खात्याला दिले होते, तेही खात्यानेच मागितले म्हणून. आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच माझ्याकडे आहे. त्यानंतर मी त्या कार्यालयाचे उंबरे झिजवले. गुडघ्यांचे दुखणे घेऊन दोन जिने चढायचे, ‘साहेब व्हिजिटला गेलेत’ हे ऐकायचे आणि उतरायचे. एकदा एका लिपिकाने माझ्यासमोर माझ्याच टिपणाच्या कोऱ्या बाजूवर नाश्त्याचा हिशेब मांडला: तीन पोहे, पाच चहा. पस्तीस वर्षे इतिहास शिकवल्यानंतर त्या पाठकोऱ्या कागदाइतकीच आपली किंमत आहे, हे कळले. मला मानधन नको होते. मजकूर वापरणार नसाल तर तसे एका ओळीत कळवा, एवढेच मागत होतो.

आता कानावर येते, की त्या एका वाक्याच्या फलकाला तीन-साडेतीन लाख लागले. कोणी चार म्हणतो. खरा आकडा आपणच जाहीर करावा. ग्रॅनाइट कुठला, अक्षरांना सोनेरी मुलामा किती, याच्या अटी निविदेत असतात. मजकूर बरोबर असावा ही अट कुठल्याच निविदेत नसते. ठेकेदाराला बिल मिळते, अधिकाऱ्याची बदली होते, आपल्याला फीत कापायला मिळते, आणि जे चुकीचे कोरले गेले ते पुढची पन्नास वर्षे मुले वहीत उतरवून घेतात. हे एका फलकापुरते असते तर मी गप्प बसलो असतो. पण या राज्यात वारशावर जेवढा पैसा पडतो तेवढा दगडावर पडतो, वाचणाऱ्या डोळ्यांवर दमडी पडत नाही. जयंत्यांना ढोल-ताशे आणि संग्रहालयांत रिक्त पदे, ही आपली संस्कृती.

तरी तो फलक उतरवावा. माझे टिपण फाईलमध्ये सापडत नसेल तर झेरॉक्स मी पाठवतो, फक्त ती कोणाच्या टेबलावर पाठवायची ते लेखी कळवावे.

आपला,
सोलापूरचा एक निवृत्त इतिहास शिक्षक